रिमोट रुसला, गाडी उघडेना!

मित्रांनो, सायंकाळी पाच वाजता आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये जरा उभे राहून पाहा. कोणी ना कोणी सर गाडीसमोर हात लांब करून रिमोटचे बटण दाबताना हमखास दिसतील. एकदा दाबतात, दोनदा दाबतात, मग रिमोट तळहातावर आपटतात, पुन्हा दाबतात. कधीतरी 'टक' असा आवाज येतो, दार उघडते, आणि सर निघून जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कार्यक्रम.

रिमोट पूर्ण बंद पडला तर ते बरे. माणूस दुकानात जातो, दुरुस्त करून आणतो. खरा छळ करतो तो 'कधी चालतो, कधी चालत नाही' असला रिमोट. मेकॅनिककडे नेला की शहाण्या मुलासारखा चालतो आणि घरी आणला की पुन्हा रुसतो. असा बिघाड शोधायचा कसा, हे या लेखात लिहीत आहे. 'रेडिओ कम्युनिकेशन' हा विषय आपण व्हायवापुरता वाचतो, पण हा बिघाड शोधताना त्यातले निम्मे पुस्तक कामाला येते, बरं का!

उदाहरण घरचेच आहे. माझे मामा लातूर जिल्ह्यातल्या जळकोटला राहतात. त्यांची दहा-बारा वर्षांची जुनी गाडी आहे, भाड्याने चालवतात. लग्नसराईत वऱ्हाड, आणि एरवी जास्त करून पेशंट. रात्री-अपरात्री कोणाला उदगीरला किंवा लातूरला दवाखान्यात न्यायचे असले की फोन मामांना येतो. २०२४ च्या पावसाळ्यात या गाडीचा रिमोट दगा देऊ लागला. एका रात्री बाळंतपणाची केस होती. पेशंट ओट्यावर बसलेली, सोबत दोन बायका, आणि गाडी काही केल्या उघडेना. शेवटी मामांनी साध्या किल्लीने दार उघडले, तर गाडीला वाटले चोर आला, आणि भोंगा सुरू! सगळी गल्ली जागी झाली. त्या रात्रीनंतर मामांनी गाडीला कुलूप लावणेच सोडून दिले. रात्रभर गाडी उघडी. आत स्टेपनी, जॅक, टेप, कागदपत्रे सगळे तसेच. मामी म्हणायच्या, एक दिवस गाडीच जाईल. मामा म्हणायचे, "गाडी जाईल ते परवडंल, पण पेशंट दारात बसवून गाडी उघडंना म्हणलं तर लोकं परत बोलवतील का मला?"

गॅरेजमध्ये दोनदा सेल बदलून झाला. एकदा रिमोट नव्याने प्रोग्रॅम करून झाला. तिसऱ्या वेळी सांगण्यात आले की गाडीतला रिसीव्हर गेला आहे, नवे मॉड्यूल टाकावे लागेल, साडेअकरा हजार रुपये. मामांनी मला हॉस्टेलवर फोन केला. दिवाळीच्या सुट्टीला मी उदगीरच्या एसटीत बसलो तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा मल्टीमीटर, सोल्डर गन आणि डोंगल हेच जास्त होते.

आता आधी थोडी थिअरी. थिअरी म्हटले की पान उलटणारे मित्र आहेत हे मला माहीत आहे, पण हे समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

बटण दाबल्यापासून दार उघडेपर्यंत एक साखळी असते. बोटाखालचे बटण, रिमोटमधला सेल, त्यातली एन्कोडरची चिप, ट्रान्समीटर आणि त्याचा इवलासा अँटेना, मग मधली हवा, मग गाडीतला अँटेना आणि रिसीव्हर, मग कोड खरा की खोटा हे ठरवणारा कंट्रोलर, आणि शेवटी दारातली मोटर. यातली कुठलीही एक कडी तुटली की मामांना दिसणारी गोष्ट एकच : गाडी उघडत नाही. म्हणून 'रिमोट खराब झाला' हे वाक्य घाईने बोलू नये. रिमोट हा त्या साखळीतला अर्धाच भाग आहे.

जगात रिमोटने उघडणारी पहिली गाडी म्हणून रेनो कंपनीच्या फ्युएगो या गाडीचे नाव घेतले जाते, साल १९८२. तो रिमोट इन्फ्रारेडवर चालायचा, आपल्या टीव्हीच्या रिमोटसारखा. फ्रान्समध्ये आजही गाडीच्या रिमोटला 'प्लिप' म्हणतात. तो बनवणाऱ्या पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून हा शब्द आला. आताच्या गाड्यांमध्ये मात्र इन्फ्रारेड नाही, रेडिओलहरी आहेत. अमेरिका आणि जपानमध्ये प्रामुख्याने ३१५ मेगाहर्ट्झ, तर युरोपात आणि आपल्याकडे बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झ.

यावरून एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या हॉस्टेलवर कोणाचाही रिमोट बिघडला की कोणीतरी मोबाइलचा कॅमेरा काढतो आणि 'लाइट दिसते का बघू' म्हणतो. टीव्हीच्या रिमोटसाठी ही युक्ती बरोबर आहे, कारण कॅमेऱ्याला इन्फ्रारेड थोडेफार दिसते. गाडीच्या रिमोटसाठी ती निरुपयोगी आहे. रिमोटवरचा लाल एलईडी लागतो म्हणजे बटण दाबले गेले आणि सेलमध्ये थोडा जीव आहे, एवढेच कळते. रेडिओ सिग्नल बाहेर पडला की नाही, ते त्या दिव्यावरून कळत नाही.

लहरीची लांबीही काढून पाहा. प्रकाशाचा वेग भागिले ४३३.९२ मेगाहर्ट्झ, म्हणजे साधारण ६९ सेंटिमीटर. चांगला अँटेना त्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे सव्वासतरा सेंटिमीटर तरी हवा. रिमोट तर तीन बोटांत मावतो. त्यामुळे आतल्या सर्किट बोर्डावर तांब्याच्या पट्टीचा एक छोटा वेढा काढलेला असतो, तोच अँटेना. तो जेमतेमच काम करतो. रिमोट हनुवटीखाली धरून बटण दाबले की रेंज वाढते असे लोक सांगतात ते खोटे नाही, कारण माणसाचे पाणीदार शरीर त्या इवल्या अँटेनाला हातभार लावते. दिसायला विचित्र दिसते, पण पावसात भिजत उभे असाल तर करून पाहायला हरकत नाही.

सेलकडे येऊ. रिमोटमध्ये बहुतेक वेळा सीआर २०३२ हा चपटा बटण सेल असतो. नाव म्हणजे मापच आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ हा तेवढ्याच व्यासाचा पण २.५ मिलिमीटर जाडीचा. तो २०३२ च्या जागी बसतो, पण ढिला बसतो, आणि मग रिमोट हलवला की चालतो, ठेवला की बंद. दुकानदार 'सेमच आहे' म्हणून देतो. सेम नाही.

गॅरेजवाले सेल मल्टीमीटरने मोजतात. तीन व्होल्ट दिसले की सेल ओके. इथेच घोटाळा आहे. मल्टीमीटर सेलकडून जवळजवळ काहीच करंट मागत नाही. बटण दाबल्यावर ट्रान्समीटर मात्र दहा मिलिअँपियरच्या आसपास मागतो. जुना किंवा दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला सेल नुसता मोजला तर टवटवीत दिसतो, आणि काम सांगितले की बसकण मारतो. आपल्या ग्रुपमध्येही असे एक-दोघे असतातच, नाव घेत नाही. म्हणून सेल लोडवर मोजावा. २७० ओहमचा एक रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना दोन-तीन सेकंद लावायचा आणि तेवढ्यात व्होल्टेज वाचायचे. मामांच्या रिमोटमधला सेल नुसता ३.० व्होल्ट दाखवत होता. रेझिस्टर लावला तर २.२. आता फर्स्ट इयरचे गणित करा : २.२ भागिले २७० म्हणजे साधारण ८ मिलिअँपियर करंट. ०.८ व्होल्ट आतच गळले. म्हणजे सेलचा आतला रेझिस्टन्स जवळपास १०० ओहम झाला होता. मी नांदेडहून नेलेला नवा सेल त्याच रेझिस्टरवर ३.२ वरून ३.० वर आला. आतला रेझिस्टन्स १८ ओहम. दोन सेलमधला फरक नुसत्या मल्टीमीटरला दिसला नसता. गॅरेजमध्ये दोनदा 'नवा' टाकलेला सेल नव्याने जुनाच निघाला.

(जुना सेल काढला की लगेच कागदात गुंडाळून बंद डब्यात टाका. लहान मुलाने गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. घरात लेकरे असतील तर ही गोष्ट रिमोटपेक्षा महत्त्वाची.)

नवा सेल टाकला, मामा खूश झाले. दिवसभर रिमोट अंगणातून, ओट्यावरून, रस्त्याच्या पलीकडून चालला. रात्री साडेनऊला मी पुन्हा दाबला. बंद! काचेला टेकवून दाबला तर चालला. एक हात मागे सरलो की बंद.

मामा म्हणाले, "बघ, आता बघ. दिवसा चालतंय, रातच्याला नाही. भूत बसलंय का काय ह्याच्यात?"

अशा वेळी पहिला मोह होतो तो स्क्रू खोलण्याचा. पण त्याआधी दुसरी किल्ली मागावी. प्रत्येक गाडीबरोबर दोन किल्ल्या मिळतात आणि दुसरी कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली, नवी कोरी पडलेली असते. मामींनी ती काढून दिली. तिच्यातही लोडवर तपासलेला नवा सेल टाकला. तीही रात्री त्याच जागी तशीच वागली. दोन वेगवेगळे रिमोट एकाच वेळी, एकाच पद्धतीने बिघडणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणजे बिघाड बहुधा रिमोटच्या पुढे कुठेतरी आहे : हवेत किंवा गाडीत. पाच मिनिटांच्या या चाचणीने अर्धी साखळी बाजूला पडली, तीही एक स्क्रू न खोलता.

मग मी मामांना वही दिली. जुनीच, अर्धी कोरी असलेली जर्नल. त्यात रकाने आखले : वेळ, जागा, किती पावलांवरून दाबला, चालला की नाही, आणि 'इतर काही'. मामांना हे पटले नाही. "रिमोट दुरुस्त करायला आलास का माझी परीक्षा घ्यायला?" असे म्हणाले. पण आठ दिवस त्यांनी लिहिले, आणि अक्षर माझ्या जर्नलपेक्षा चांगले होते.

त्या वहीत काय निघाले ते सांगतो. सकाळी घरासमोर दहा पावलांवरून चालला. दुपारी चालला. रात्री घरासमोर चालला नाही, काचेजवळ चालला. उदगीरला दवाखान्याबाहेर रात्री अकरा वाजता पंधरा पावलांवरून चालला. लातूरला रात्री चालला. घरासमोर रात्री पुन्हा नाही. म्हणजे रात्र हे कारण नाही, आणि घर हेही एकटे कारण नाही. घर आणि रात्र दोन्ही एकत्र आले की बिघाड. गाडीतला रिसीव्हर गेला असता तर तो उदगीरला तरी कशाला चालला असता? साडेअकरा हजार रुपये इथेच वाचले.

यात गॅरेजवाल्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. गाडी त्याच्याकडे दिवसा जायची आणि तिथे ती चांगली चालायची. चालणाऱ्या गाडीत बिघाड शोधायचा म्हटल्यावर तो पार्ट बदलण्यापलीकडे काय सांगणार?

आणि मग 'इतर काही' या रकान्यात, मंगळवारच्या ओळीत, मामांनी लिहिलेले एक वाक्य मी दोनदा वाचले : 'लाईट गेली होती. चालला.' शुक्रवारी पुन्हा तेच. मी विचारले, तर मामा म्हणाले, "हां, ते सांगायचंच राहिलं. लाईट गेली का हे बराबर चालतंय बघ. मला तर कळंना कामून."

सेलवर चालणारा रिमोट, बॅटरीवर चालणारी गाडी. दोघांचाही महावितरणशी काडीचा संबंध नाही. तरी लाईट गेली की चालतो! याचा अर्थ एकच. घराजवळ विजेवर चालणारे असे काहीतरी आहे, जे रात्री सुरू होते आणि रेडिओलहरी सोडते.

४३३.९२ मेगाहर्ट्झ ही जागा फक्त गाड्यांची नाही. कमी ताकदीच्या उपकरणांनी वापरायची ती सामायिक जागा आहे. बिनतारी दारघंटी, गेटचे रिमोट, पंख्याचे रिमोट, स्वस्तातले अलार्म, हवामान दाखवणारी घड्याळे, सगळे तिथेच बोलतात. आपल्या मेसमध्ये शंभर जण एकदम बोलतात तसे. पण प्रत्येक जण क्षणभर बोलून गप्प बसतो, म्हणून चालून जाते. एक जण बोलतच राहिला तर मात्र बाकीच्यांचे ऐकू येत नाही. रिसीव्हर बिघडलेला नसतो, तो दुसऱ्याचे ऐकत असतो.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉर्थ ओल्मस्टेड या गावी असाच प्रकार झाला होता. एका वस्तीतल्या अनेक घरांच्या गाड्यांचे आणि गॅरेजच्या दारांचे रिमोट काही आठवडे चालेनात. लोकांनी नाना तर्क केले. शेवटी शोधत शोधत माणसे एका घरापर्यंत पोहोचली. तिथल्या गृहस्थाला यंत्रे बनवण्याचा छंद. आपण तळघरात काम करत असताना वर कोणी आले तर कळावे म्हणून त्याने घरीच एक उपकरण बनवले होते, आणि ते ३१५ मेगाहर्ट्झवर सतत सिग्नल सोडत होते. शेजाऱ्यांना त्रास होतोय याची त्याला कल्पनाही नव्हती. उपकरण बंद केले, आणि वस्तीतले रिमोट चालू झाले.

आमच्या जळकोटच्या गल्लीत तळघर नाही, पण समोर आडतीचे दुकान आणि गोदाम आहे. मी लॅपटॉपला डोंगल लावला. हा डोंगल मुळात टीव्ही पाहण्यासाठी बनवलेला. त्यातल्या चिपकडून कच्चा सिग्नल काढून घेता येतो हे लोकांच्या लक्षात आले आणि २०१२ पासून तो गरिबांचा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर झाला. तो फक्त ऐकतो, बोलत नाही, त्यामुळे कोणाला त्रास नाही. पडद्यावर वरून खाली सरकणारे चित्र दिसते. त्यात आडवा अक्ष फ्रिक्वेन्सीचा आणि उभा वेळेचा. संध्याकाळी सातला ४३३.९२ च्या आसपास शांतता होती. मामांनी रिमोट दाबला की एक छोटी ठिपक्यांची रेघ उमटायची. नऊ वाजता आडत दुकान बंद झाले, बाहेरचा बल्ब लागला, आणि त्याच क्षणी पडद्यावर पांढरा पट्टा सुरू झाला. थांबेचना. मामांच्या रिमोटची रेघ त्या पट्ट्यात बुडून गेली.

मी लॅपटॉप हातात घेऊन गल्लीत फिरलो. लोकांना वाटले मोबाइल टॉवरचा सर्व्हे चालला आहे. शटरजवळ गेलो तसा पट्टा जाड होत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांबरोबर दुकानात गेलो. आडतदार काकांनी आधी चहा मागवला, मग ऐकून घेतले. गोदामाला दोन वर्षांपूर्वी त्यांनी बिनतारी अलार्म बसवला होता. शटरला चुंबक, चौकटीला सेन्सर. शटर उघडले की सेन्सर आतल्या भोंग्याला सिग्नल देणार. सेन्सरचे सेल सारखे संपायचे म्हणून वायरमनने त्याला अ‍ॅडॉप्टर लावून तो बाहेरच्या बल्बच्या बटणावर जोडून दिला, म्हणजे रात्री बल्ब लावला की अलार्मही चालू. नंतर एकदा पोत्यांचा ट्रक मागे येताना शटरला लागला, शटर थोडे वाकले, चुंबक आणि सेन्सर यांच्यात बोटभर फट पडली. त्या दिवसापासून सेन्सरला शटर कायम उघडेच वाटू लागले. भोंगा रात्रभर ओरडायचा.

"मग काय केलं, काका?"

"काय करतो? झोपू देईना गड्या. वायरच तोडली भोंग्याची."

भोंगा गप्प झाला, पण सेन्सर चालूच राहिला. बिचारा रोज रात्री नऊपासून सकाळपर्यंत 'शटर उघडे आहे, शटर उघडे आहे' असे ओरडत होता, आणि ते ऐकणारी एकच वस्तू त्या गल्लीत उरली होती : मामांची गाडी. लाईट गेली की अ‍ॅडॉप्टर बंद, सेन्सर गप्प, रिमोट चालू. सगळा हिशोब जुळला.

काचेला टेकवल्यावर रिमोट का चालायचा, तेही पाहा. सेन्सरपासून गाडी बारा मीटरवर होती. मोकळ्या हवेत अंतर दहापट झाले की सिग्नल २० डेसिबलने कमी होतो, आणि बारापट झाले की साधारण साडेएकवीस डेसिबलने. सेन्सरला लांब वायरचा अँटेना, रिमोटला तो इवला वेढा, त्यामुळे सेन्सरचा आवाज मुळात बराच मोठा. रिमोट एक मीटरच्या आत आणल्यावरच त्याचा आवाज सेन्सरच्या वर जायचा. रिसीव्हर दोघांपैकी मोठ्याचे ऐकतो. म्हणजे काचेजवळ चालणे हाच मोठा पुरावा होता. रिमोट नुसता अशक्त असता तर दिवसाही त्याची रेंज कमीच दिसली असती.

काकांनी पत्र्याचा तुकडा लावून चुंबक पुढे आणला, फट बुजली, सेन्सर गप्प झाला. भोंग्याची वायरही मी जोडून दिली. त्यांचा अलार्म दोन वर्षांत पहिल्यांदा कामाला लागला.

आता सगळे मिटले असे वाटेल, पण मिटले नव्हते. पंधरा-वीस वेळा दाबल्यावर एखादेवेळी रिमोट अजूनही चुकायचा, आणि आता वेळ-जागा काही ठरलेली नव्हती. दुसरी किल्ली मात्र एकदाही चुकली नाही. म्हणजे हा बिघाड वेगळा, आणि तो त्याच एका रिमोटमध्ये. आता स्क्रू खोलायला हरकत नव्हती. सेलची पट्टी बोर्डाला जिथे जोडलेली असते तिथे सोल्डरला केसासारखी चीर होती. रिमोट वर्षानुवर्षे हातातून पडतो तेव्हा तिथेच मार बसतो. सोल्डर गनचा एक टेकू दिला, काम झाले. कायम लक्षात ठेवा, त्रास देणाऱ्या यंत्रात बहुतेक वेळा एकाहून जास्त बिघाड एकमेकांच्या आड लपलेले असतात. मामांच्या बाबतीत तीन निघाले : अशक्त सेल, समोरचा सेन्सर आणि ही चीर. एक सापडला की लोक हात झटकतात, आणि दुसऱ्याला 'पुन्हा तेच सुरू झाले' म्हणतात.

रिमोट नव्याने प्रोग्रॅम करण्याविषयी थोडे सांगतो, कारण गॅरेजमध्ये हा उपाय फार सहज सुचवला जातो. रिमोट दर वेळी तोच कोड पाठवत नाही. पाठवला असता तर कोणीही तो रेकॉर्ड करून वाजवला असता. रिमोटमध्ये आणि गाडीत एक-एक काउंटर असतो. बटण दाबले की रिमोटचा काउंटर एकने पुढे जातो आणि तो आकडा गुप्त किल्लीने कुलूपबंद करून पाठवला जातो. याला रोलिंग कोड म्हणतात. कीलॉक नावाची अशी एक पद्धत दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली. तिच्या एचसीएस ३०० या चिपचे उदाहरण अभ्यासाला चांगले आहे. एका दाबण्यात ६६ बिट जातात. त्यातले ३२ कुलूपबंद, २८ रिमोटचा नंबर, ४ कोणते बटण ते, आणि उरलेल्यात 'सेल कमजोर झाला' अशी खूणही.

आता समजा रिमोट खिशात दाबला गेला किंवा लेकराने खेळायला घेतला. रिमोटचा काउंटर पुढे गेला, गाडीला कळलेच नाही. म्हणून गाडी थोडी सूट देते. या पद्धतीत पुढचे १६ आकडे सरळ मान्य. त्याहून पुढे गेला असेल तर सलग दोनदा दाबावे लागते, मग गाडी हिशोब जुळवून घेते. ही दुसरी सूट ३२ हजारांहून जास्त आकड्यांची असते. एवढी की लेकराने पूर्ण सुट्टीभर दाबला तरी संपणार नाही. पूर्ण काउंटर ६५,५३६ चा. रोज २० वेळा दाबले तर एक फेरी पुरी व्हायला जवळपास नऊ वर्षे लागतील. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे असतील, तत्त्व हेच. तेव्हा 'कोड निसटला' असे कोणी म्हणाले तर आधी गाडीशेजारी उभे राहून दोन-तीनदा सावकाश दाबून पाहा. आणि कोड खरोखर निसटला असेल तर रिमोट कुठेच चालणार नाही. घरी नाही आणि उदगीरला चालतो, असे होणार नाही.

रोलिंग कोड म्हणजे अभेद्य किल्ला असेही समजू नका. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी चिपला लागणारा करंट मोजून कीलॉकची गुप्त किल्ली काढून दाखवली. आणि चोराला एवढीही हुशारी लागत नाही. तुम्ही कुलूप लावताना त्याने शेजारी बसून त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट केला की झाले, गाडी उघडीच राहते. आडत दुकानाच्या सेन्सरने जे नकळत केले तेच चोर मुद्दाम करतो. असले जॅमर वापरणे सामान्य माणसाला बेकायदा आहे, पण चोराला कायद्याची भीती कुठली? म्हणून बटण दाबून पाठ फिरवू नये. इंडिकेटर लुकलुकले का पाहावे, दार एकदा ओढून पाहावे.

शेवटी स्टाफसाठी. ज्या सरांच्या गाडीला किल्ली घालायची जागाच नाही, नुसते स्टार्टचे बटण आहे, त्यांनी घाबरू नये. रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली लपवलेली असते, बाजूची खिट्टी सरकवली की निघते. दाराच्या हँडलला कुठेतरी तिचे भोकही असते, कधी झाकणाखाली. आत बसल्यावर सेल पूर्ण मेलेला असला तरी गाडी सुरू होऊ शकते, कारण इंजिनाची परवानगी देणारी चिप वेगळी असते आणि तिला सेल लागत नाही. गाडीतली कॉइल १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या चुंबकीय क्षेत्राने तिला वीज पुरवते, ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांसारखी. फक्त अंतर काही सेंटिमीटरच चालते, म्हणून रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरावा किंवा गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या खोबणीत ठेवावा. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या खाली, प्लास्टिकमध्ये बंद असेल.

आणि बटण दाबल्यावर दारातून 'टक' आवाज येतो पण दार उघडत नाही, असे असेल तर रिमोटला बोल लावू नका. सिग्नल पोहोचला, कोड पटला, पुढची मोटर किंवा गाडीची बॅटरी दमली आहे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. बाराच्या खाली असेल तर आधी तिचे बघा.

आपल्या पार्किंगमध्येही रिमोट न चालणारी एक ठरावीक जागा आहे असे तीन-चार सरांनी सांगितले. वही ठेवायची तयारी असेल त्यांनी आधी पंधरा दिवस वेळ आणि जागा लिहून आणावी. मग डोंगल माझ्याकडून न्यावा. फक्त त्याचा अँटेना आठवणीने परत आणून द्यावा, मागच्या वेळचा अजून आलेला नाही.